लिफ्टमामांचा आलेख

माझी आई ज्या रुग्णालयात आया होती, तिथली लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. आत बटणं नव्हती, एक पितळी मूठ होती. उजवीकडे ढकलली की वर, डावीकडे ढकलली की खाली, आणि जितकी ढकलाल तितका वेग. ती मूठ एकतीस वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. आईला सगळे मावशी म्हणत, तसे त्यांना लिफ्टमामा.

मामा सातवी शिकलेले. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मूठ धसकन ढकलली आणि पोटाला ताजे टाके असलेली एक बाई कळवळली. "तिनं शिवी नाही दिली गं," मामा सांगायचे, "नुसतं बघितलं माझ्याकडे. शिवी परवडली असती." दुसऱ्या दिवसापासून ते कामाच्या तासभर आधी यायचे आणि रिकाम्या लिफ्टमध्ये काठोकाठ भरलेला पेला ठेवून वरखाली करायचे. पाणी सांडेनासं व्हायला त्यांना चार महिने लागले.

मी बारावीला फिजिक्समध्ये नापास झाले. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मी, पुढे सगळं इंग्रजीत आलं. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं मराठी शब्द लिहायचा आणि मग समजलं असं मानायचं, ही माझी पद्धत. एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्सला रुग्णालयानं माझी जागा पुरवणी परीक्षेच्या निकालापर्यंत धरून ठेवली होती. सगळं त्या एका पेपरावर होतं. आई म्हणाली, "या खेपेला नाही जमलं तर माझ्याबरोबर वॉर्डात यायचं. माझी कंबर आता साथ देत नाही."

दुपारी भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली की मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशेजारच्या पायरीवर वही घेऊन बसायचे.

"काय गं, रडतेस की पाठ करतेस?" एकदा मामांनी जाळीतून विचारलं.

"दोन्ही."

"मग एक काहीतरी नीट कर. दाखव इकडे."

प्रश्न लिफ्टचाच होता. वेग आणि काळाचा आलेख दिलेला. रेषा वर चढते, मग आडवी जाते, मग खाली उतरते. लिफ्टचं काय झालं ते सांगा. मी लिहिलं होतं, लिफ्ट वर गेली, थांबली आणि खाली आली. त्यावर सरांची लाल फुली. शेवटच्या उतारापाशी 'निगेटिव्ह अ‍ॅक्सिलरेशन' छापलेलं, त्यावर माझं पेन्सिलीतलं 'ऋण त्वरण'.

"ऋण?" मामा म्हणाले. "लिफ्टनं कुणाकडून काय उसनं घेतलं?"

"मामा, ऋण म्हणजे उलटं. लिफ्ट उलटी येते."

"ऋण म्हणजे उलटं? हे कुणी सांगितलं? ऋण म्हणजे घेतलेलं, फेडायचं असतं ते. चल आत."

लिफ्ट तळमजल्यावर नेऊन तिथल्या बाह्यरुग्ण विभागातला काट्याचा वजनकाटा त्यांनी सरळ उचलून आत आणला आणि मला त्यावर उभं केलं. पंचेचाळीस किलो.

"आज तुझ्यासाठी जरा वाईट चालवतो. देव माफ करो."

त्यांनी मूठ ढकलली. पोट खाली ओढल्यासारखं झालं आणि काटा सत्तेचाळीसवर गेला.

"तुझ्या आईला सांग, मामानं पोरीचं वजन बसल्या जागी वाढवलं. आता बघ."

लिफ्ट एका लयीत वर चालली होती. काटा पुन्हा पंचेचाळीसवर, जशी मी जमिनीवर उभी आहे. मग तिसरा मजला जवळ आला, मामांनी मूठ मागे घेतली, आणि काटा त्रेचाळीसवर उतरला. मला हलकं वाटलं.

"आता सांग. आपण खाली आलो?"

"नाही. वरच आलो."

"सुरुवातीला वेग घेतला. मधे घेतला नाही, दिला नाही. शेवटी घेतलेला सगळा परत केला, तेव्हा कुठे थांबलो. पण गेलो वरच!"

मी वही उघडली. खाली उतरणारी ती रेषा लिफ्टची नव्हतीच, ती वेगाची होती. एवढंसं मला दोन वर्षं दिसलं नव्हतं.

मग मामांनी रोजच्यासारखी एक फेरी मारली आणि मी घड्याळ लावलं. तळमजला ते तिसरा, पंधरा सेकंद. तीन वेग घ्यायला, तीन परत करायला. उंची बारा मीटर, हे मामांना दुरुस्तीवाल्याकडून ठाऊक होतं. एका कागदावर मी त्या फेरीचा आलेख काढला. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. त्यावरून उलटा हिशोब केला तर मधला वेग सेकंदाला एक मीटर आला.

"म्हणजे किती?"

"माणूस सावकाश चालतो तेवढा."

"अरे देवा! एकतीस वर्षं मी म्हाताऱ्याच्या चालीनं चाललो म्हणायचं!" मग त्यांनी कागद हातात घेतला आणि त्या तीन रेषांवरून बोट फिरवलं. "माझं काम कागदावर असं दिसतं होय?"

तेवढ्यात खालून सिस्टर ओरडल्या, "मामा, वजनकाटा कुणी पळवला?"

"फिजिक्सनं, सिस्टर!"

पेपरात लिफ्ट आली नाही. ब्रेक लावलेली गाडी आली. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि त्या गाडीत मामांना बसवलं. गाडी पुढेच जात होती आणि वेग परत करत होती. पुढचं सगळं हातानं आपोआप लिहिलं.

अठ्ठावन्न गुण मिळाले. धावत लिफ्टपाशी गेले तर आत स्ट्रेचर. मामांनी ओठांवर बोट ठेवलं. तीन मजले मी निकालाचा कागद मुठीत धरून गप्प उभी. पेशंट उतरल्यावर ते म्हणाले, "हं, आता बोल."

मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरून पुन्हा पुन्हा वाचला. मग कधी नव्हे ते माझ्याकडे काहीतरी मागितलं. "मावशींना मी सांगू?"

मी मान डोलावली. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आणून ते आईच्या वॉर्डाच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "मावशी, पोरगी सुटली! एक्स-रेची जागा हिचीच!"

आईच्या हातात चादरींचा गठ्ठा होता. तो तिनं तसाच खाली ठेवला आणि मामांना हात जोडले.

मामा गडबडले. "अहो मावशी, मला कशाला? वर बसलाय त्याला जोडा."

"त्याला सकाळीच जोडलेत," आई म्हणाली.