धरणातून नेलेला रस्ता

मुलानं अमेरिकेतून जीपीएस पाठवलं तेव्हा खोक्याच्या आकारावरून मला वाटलं, दाढीचं मशीन असेल. निघालं मुठीत मावणारं, वर ठेंगणं शिंग असलेलं यंत्र. लगेच फोनवर फर्मान आलं, "बाबा, घरात बसून नका राहू. कॉम्प्युटरवर रस्ता आखा, यंत्रात भरा आन् सायकल काढा. फाईल मलेही पाठवा. मी पाहीन तुम्ही कुठं कुठं फिरून राह्यले ते."

"मी पाहीन" हे मला पुरेसं होतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि आर्णीच्या घरात दिवसभर माझ्याशी फक्त कुकर बोलायचा.

मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. ढिगात हात घालायचा, चिमटीत धागा ओढून पाहायचा आणि प्रत सांगायची, यातच जन्म गेला. कापसाचे ते वाईट दिवस. केंद्रं एकामागून एक बंद पडत होती, म्हणून मी रस्तेही त्या केंद्रांपर्यंतचेच आखले. उपग्रहाच्या चित्रात वळणं शोधायची, प्रत्येक वळणावर माउसनं ठिपका द्यायचा. ठिपका चुकला की रेघ सरळ कुणाच्या तुरीत घुसायची. त्यात संध्याकाळ बरी जायची. पूर्वी हंगामात भरलेल्या गाड्या गेल्या की रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकायचा. आता तिथं नुसते काटे होते. हे सगळं मी फाईलसोबत मुलाला लिहायचो.

त्याचं उत्तर ठरलेलं, "मस्त रूट, बाबा." दिग्रसचा मस्त, दारव्ह्याचा मस्त. एकदा चुकून जुनीच फाईल गेली, तीही मस्त. माझं डोकं फिरलं. ग्रेडर सगळ्याच मालाची एक प्रत सांगायला लागला की समजावं, गड्यानं ढिगात हातच घातलेला नाही.

मग मी मुद्दाम एक रस्ता आखला. अरुणावतीच्या धरणापर्यंत अगदी नीट आणि तिथून रेघ थेट पाण्यातून पलीकडच्या काठाला. फाईल पाठवताना मला हसू आवरेना. आता फोन येणार, ओरडणार, "बाबा, पागल झाले काय?" मला ते ओरडणंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "मस्त रूट, बाबा. जपून जा."

मी गेलो. घरी बसून तरी काय करणार होतो? काठावर सायकल उभी केली. यंत्रातला बाण पाण्याकडे रोखलेला होता. जाळं वाळवणारा एक भोई जवळ आला.

"काका, कोणाची वाट पाहून राह्यले?"

"कोणाची नाही. हे म्हणते, रस्ता इकडूनच आहे."

त्यानं यंत्रात डोकावून रेघ पाहिली, मग पाणी पाहिलं. "मंग डोंगा आणू का?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. घरी परतताना मात्र मला रडू आलं.

रविवारी सकाळी मुलाचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"कसा होता बाबा रस्ता?"

चांगलं झाडावं असं वाटलं. पण झाडलं आणि पुढच्या रविवारी फोनच आला नाही तर?

"चांगला होता," मी म्हणालो. "जरासा ओला होता."

"काहून? पाऊस येऊन राह्यला का तिकडं?"

खिडकीतून माझ्या पायावर कडक ऊन आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "येऊन राह्यला."