बटणावरचं कुंकू

कुंभकोणमात सेतुरामाइतका नाक मुरडणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि देवानं त्याच्या पदरात धंदा टाकला तो असा, की रोज उठून लोकांची घाण चिवडायची. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा तो धंदा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय स्वच्छ काम आहे! खुर्चीत बसायचं, एक स्क्रू सोडवायचा, एक आवळायचा. त्यांनी एकदा कॉम्प्युटरचा डबा उघडताना नाक जवळ आणून बघावं. आत झुरळांची अंडी असतात, उंदरांच्या लेंड्या असतात, पंख्याच्या पात्यांवर तेलकट काळा थर असतो. एका खाणावळीच्या कॉम्प्युटरात तर त्याला सांबारातला शेवग्याचा तुकडा मिळाला होता, चघळून चोथा केलेला. तो तिथवर कसा पोचला हे खाणावळवाल्यालाही सांगता आलं नाही. त्या दिवशी सेतुराम घरी येऊन नुसतं ताक पिऊन झोपला.

लोक आपलं तोंड धुतात, देव धुतात, दारातली स्कूटर धुतात. ज्या यंत्रावर पोट चालतं त्याच्या आत काय सडतंय ते बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. हे तो गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायचा, तमिळमध्ये, ठणकावून. गिऱ्हाइकं ऐकून घ्यायची, कारण काम तो चोख करायचा.

मुकुंदरावांना मात्र तो असं काही ऐकवू शकणार नव्हता. मुकुंदराव म्हणजे सारंगपाणीच्या देवळामागे राहणारे, समयांचं दुकान असलेले, आणि देवाची कृपा झाली तर त्याचे होणारे व्याही. सेतुरामाची नित्या एकतिशीला आली होती. शिकलेली, नोकरी करणारी, पण लग्न काही जमत नव्हतं. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आलेली ही मराठी घरं, दाराबाहेर तमिळ आणि उंबऱ्याआत मराठी बोलणारी. आधीच हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, त्यात गोत्र जुळलं तर पत्रिका जुळत नाही, पत्रिका जुळली तर मुलगा अमेरिकेत आणि त्याला तिकडचीच कोणीतरी आवडलेली. मुकुंदरावांच्या धाकट्या मुलाशी, रविशंकराशी, नित्याची पत्रिका जुळली तेव्हा सेतुरामाची बायको मीनाक्षीबाई देवापुढं बसून रडली होती. आता फक्त निश्चय, म्हणजे साखरपुडा, व्हायचा राहिला होता.

आणि मुकुंदरावांचा फोन आला. "आमचें कंप्यूटर उठतच नाहीं, सेतुराम. येऊन पाहा पां एकदां. आतां आपण घरचेंच ना?"

घरचेच म्हटल्यावर जाणं आलं. हत्यारांची पिशवी मोपेडला अडकवून तो गेला.

ओट्यावर मुकुंदराव पान चघळत बसले होते. कुंभकोणमचं पान जगात नावाजलेलं, पण ते मुकुंदरावांच्या तोंडात गेलं की त्याची अब्रू जायची. बोलता बोलता लाल शिंतोडे उडायचे आणि पिंक भिंतीच्या कोपऱ्यात जायची. तो कोपरा बघताच सेतुरामानं नजर वर देवळाच्या गोपुरावर नेऊन ठेवली आणि हसला. मुलीच्या बापाला हसावं लागतं.

यंत्र आतल्या खोलीत होतं. जुनं, जाडजूड, थोरली सून सौंदर्या लग्न होऊन आली तेव्हा तिरुप्पनंदाळहून तिच्या माहेरच्यांनी दिलेलं. त्यावर ती स्वामीमलैच्या एका मूर्तिकाराच्या मागण्या टिपून घ्यायची, परदेशच्या गिऱ्हाइकांना उत्तरं लिहायची. यंत्र बंद पडलं तसं ते कामही गेलं.

सेतुरामानं बटण दाबलं. पंखा गरगरला, दिवा लागला, आणि पडद्यावर काही उमटायच्या आत सगळं थंड. थोड्या वेळानं पुन्हा आपणच उठलं, पुन्हा विझलं.

"तिच्या माहेरचें यंत्र," मुकुंदराव मागून म्हणाले. "दुसरें काय होणार?"

नावडतीचं मीठ अळणी, हे सेतुरामाला ठाऊक होतं. त्यानं मान खाली घालून डबा उघडला. पंख्याखाली एक पाल वाळून चिकटली होती, शेपटीसकट. तिच्या अंगावर विभूती, विभूतीवर जळमटं, जळमटांत झुरळांचे पंख. तळाशी फुलांच्या पाकळ्या कुजून काळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर त्यानं डबा तसाच उचलून रस्त्यात मांडला असता. इथं त्यानं तोंडाला रुमाल बांधला आणि ब्रश घेऊन गुपचूप झाडायला लागला.

झाडून झालं. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, परत बसवल्या. रोग तोच. वीजपुरवठ्याचा डबा बदलून बघितला. तरी तोच. तेव्हा त्यानं समोरच्या बटणाची वायर आतून उपटली, आणि जिथं ती बसते त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. यंत्र उठलं, पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. दुखणं बटणात होतं.

त्यानं पुढची पट्टी काढून बटण हातात घेतलं. त्याच्या मागं चंदन आणि कुंकवाचा घट्ट लाल-पिवळा गोळा बसला होता, इतका, की बटण आत गेलं की बाहेरच येईना. यंत्राला वाटायचं, कोणी बोट दाबूनच धरलंय, बंद कर म्हणतंय. ते बिचारं हुकूम पाळायचं.

"हें गंध कोण लावतें?" त्यानं जपून विचारलं.

"मीच," मुकुंदराव छाती काढून म्हणाले. "आयुधपूजेस तर लावतोंच, दर शुक्रवारींही लावतों. लोक पडद्यास लावतात, मूर्ख! बटण म्हणजे यंत्राचें कपाळ. गंध कपाळासच लावायचें."

गाव सगळं दसऱ्यातल्या आयुधपूजेला यंत्रांना गंध लावतं. सेतुरामही आपल्या स्क्रूड्रायव्हरांना लावायचा. पण दर शुक्रवारी ओलं चंदन बटणाच्या फटीत चोळणारा भक्त त्याला आजवर भेटला नव्हता. त्याच्या ओठांवर हसू आलं. आता सांगावं आणि दोघांनी मिळून हसावं, असं मनात येतंय तोच मुकुंदराव पुढं बोलले.

"मज ठाऊक आहे काय झालें तें. त्या तीन दिवसांत हिनें हात लाविला असेल. बाहेर बैस म्हटलें तर बसत नाहीं, काम आहे म्हणते. विटाळ यंत्रास कळतो."

सौंदर्या दारात उभी होती. तिच्या हातात कॉफीचा पेला होता. तिनं तो खाली ठेवला. हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, एवढं तिच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं असतं.

झोपाळ्यावर रविशंकर फोन बघत बसला होता. त्यानं मान वर न करताच म्हटलं, "वैनीस किती वेळां सांगितलें."

सेतुरामाला शिसारी आली. पालीनं आली होती त्याहून वाईट. पाल बिचारी मेली होती. हे जिवंत होतं, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून बसलं होतं.

"काय, सेतुराम? तसेंच ना?" मुकुंदरावांनी विचारलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि चोराचा मुद्देमाल सेतुरामाच्या चिमटीत होता. त्यानं तोंड उघडलं. मीनाक्षीबाई देवापुढं बसलेली त्याला दिसली. नित्याचं वय दिसलं.

"जुनें यंत्र आहे," तो म्हणाला. "कशानें झालें, सांगतां येत नाहीं."

"पाहिलेंस?" मुकुंदराव सुनेकडं वळून म्हणाले. "त्यांच्यासारखा माणूसही नाहीं म्हणत नाहीं."

सेतुरामानं बटण खरवडून धुतलं, पुसलं, बसवलं. यंत्र सुरळीत चालायला लागलं. सगळे खूश झाले. मुकुंदराव म्हणाले, आवणी महिन्यात, श्रावणाच्या सुमारास, निश्चय करून टाकू.

हात धुवायला तो परसात गेला. सौंदर्यानं तांब्यानं पाणी घातलं. पाणी लाल होऊन वाहिलं.

"कुंकू आहे, मामा," ती हळूच म्हणाली. "बटणांतलें."

सेतुराम हात चोळत राहिला.

"मज वाटलेंच होतें. मीं सांगितलें असतें तर मारलें असतें. तुम्हांस तर कोणी मारलें नसतें."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डब्यांतली घाण बघून नाक मुरडणाऱ्या त्या माणसाला आज स्वतःचीच किळस आली, आणि ती पाण्यानं जाईना.

"एक विचारतों, खरें सांग, अम्मा," तो म्हणाला. "माझी नित्या ह्या घरांत देऊं का?"

सौंदर्यानं तांब्या खाली ठेवला.

"द्या, मामा," ती म्हणाली. "मज सोबत होईल."

सेतुराम ओल्या हातांनीच ओट्यावर आला. त्यानं आवाज चढवला नाही. "मुकुंदराव, यंत्र तुमच्या गंधानें बंद पडलें होतें. बटणांत बोराएवढा गोळा निघाला. सौंदर्येचा त्यांत कांहीं संबंध नाहीं. मी मघां खोटें बोललों. नित्याची पत्रिका द्या परत."

मुकुंदरावांनी पान चघळायचं थांबवलं. "गंधास नांवें ठेवतां? एकतिसाव्या वर्षीं दुसरें स्थळ कोठून आणणार?"

"नाहीं आणणार," सेतुराम म्हणाला.

रविशंकरानं पत्रिका आणून दिली. तेवढ्यापुरता त्यानं फोन खाली ठेवला होता. सेतुरामानं ती पिशवीत घातली, चपला पायांत सरकवल्या, मोपेडपाशी आला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. नित्या वाचली, घरी कसं सांगायचं ते बघू, मीनाक्षीबाई रडेल, रडू दे.

त्यानं मोपेडच्या पॅडलवर पाय ठेवला आणि आतून मुकुंदरावांचा आवाज आला.

"सौंदर्या! परसांत काय सांगितलेंस त्यांस? बाहेर ये. सोयरीक मोडिलीस ना?"

ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दार आतून लागल्याचा आवाज मात्र आला. सेतुराम तसाच उभा राहिला. आपली पोर बाहेर काढताना दुसऱ्याची पोर आपण आणखी आत लोटली, हे त्याला लख्ख कळलं. परत जाऊन दार वाजवावं, असं वाटलं. मग वाटलं, कोणत्या नात्यानं? व्याही तर आपण राहिलो नाही.

त्यानं मोपेड सुरू केली आणि तो घरी गेला.