रोज तीनच तास

नागपूरहून परतताना विमानातच भानुदास गजभियेंची उजवी पोटरी दुखायला लागली. लांबचा प्रवास, पाय आखडणारच, असं त्यांनी स्वतःचं स्वतःच ठरवून टाकलं. कमलाने घरी आल्यावर पोटरीला हात लावून पाहिला. गरम लागली. मिशिगनमधल्या ट्रॉयच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने वीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं होतं. गाडीची किल्ली घेऊन ती म्हणाली, "चपला घाला."

पायातली गुठळी तोवर फुप्फुसापर्यंत पोचली होती. भानुदास वाचले, पण पाय सुजरा राहिला आणि गाडी चालवणं सुटलं. ज्या माणसाने उभं आयुष्य गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवलं, तो आता बाजूच्या सीटवर बसू लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं: लांबचं विमान सध्या विसरा, आणि तासाच्या वर एका जागी बसू नका.

त्या वसंतात मोनालीचा पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्टलंडहून फोन आला. मोनाली त्यांची धाकटी, वय एक्केचाळीस. लग्नाचा विषय घरात केव्हाच मिटला होता. आणि आता ती सांगत होती की परीक्षित नावाच्या माणसाशी ऑगस्टमध्ये लग्न करतेय. तिथे जवळपास लग्न लावायला भन्ते नव्हते. "बाबांनी त्रिशरण-पंचशील म्हणावं अशी माझी इच्छा होती," ती म्हणाली, "पण बाबांना जमणार नाही. आम्हीच ट्रॉयला येऊ का?"

"परीक्षितची आई व्हीलचेअरवर आहे ना?" कमलाने विचारलं. "त्यांना कशाला इतक्या लांब आणायचं? आम्हीच येतो."

फोन ठेवल्यावर भानुदास तिच्याकडे बघतच राहिले. "कमल, येतो म्हणजे कसे येतो?"

"गाडीने."

"चालवणार कोण?"

"मी."

कमला गाडी चालवायची ती लायब्ररी, किराण्याचं दुकान आणि रविवारची वंदना एवढ्यापुरती. लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हाही हायवेवर जायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आणि मध्ये पडला होता अख्खा देश.

मुलगा अतुल दहा मिनिटांवर राहायचा. ऐकलं तसा धावत आला. "आई, आर यू सीरियस? मी चार दिवसांची सुट्टी टाकतो, मी ड्राइव्ह करतो. रोज दहा तास मारले की पोचलो."

"आणि बाबांचा पाय?"

"मध्ये थांबू ना यार! नाहीतर व्हिडिओ कॉल करू. हल्ली सगळे करतात."

"मुलीच्या लग्नात आई-बाप स्क्रीनवर? एकदा बोललास ते बोललास, परत बोलू नको."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो पसरलाच. तिचा नियम एकच होता: रोज तीन तास, तेही दुपारच्या आत, आणि दर तासाला उतरून चालायचं. अंधारात गाडी नाही. प्रत्येक गावातल्या मोटेलला फोन करून ती तळमजल्याची खोली आहे का, ते विचारायची. मोंटानात तीन तासांवर मुक्कामाचं गाव सापडेना, तेव्हा तिने दोन रात्री नकाशा उलटासुलटा करून अडीच तासांवरचं एक गाव शोधून काढलं.

खरी अडचण शिकागोची होती. सहा-सहा लेन, डावी-उजवीकडून धडाधड जाणारे ट्रक. अतुल म्हणाला, "तिथून गेल्याशिवाय पश्चिमेला जाताच येत नाही."

कमलाने नकाशावर लेक मिशिगनवर बोट ठेवलं. "इथून गाड्या नेणारी बोट जाते. सकाळी चढायचं, दुपारी विस्कॉन्सिनला उतरायचं. शिकागो खाली राहून जातं. आणि बोटीवर बाबांना हवं तेवढं चालता येतं."

भानुदास हसले. आजारपणानंतर घरात ते असे हसले नव्हते.

मग सराव सुरू झाला. रोज सकाळी ती हायवेवर चढायची, पहिल्याच एक्झिटला खाली उतरायची आणि परत यायची. पहिल्या दिवशी हायवेवर चढवणाऱ्या रॅम्पच्या टोकाशी गाडी थांबवून ती तशीच बसून राहिली. मागच्याने हॉर्नवर हात ठेवला, तो काढेना. "थांबायचं नाही," बाजूने भानुदास शांतपणे म्हणाले. "रॅम्पवरच वेग घे. त्यांच्याइतकी पळालीस की ते जागा देतात." दुसऱ्या दिवशी ती परत गेली. महिन्याभराने ते दोघं दीड तासावरच्या लॅन्सिंगला जाऊन जेवून आले, आणि अतुलला ते घरी पोचल्यावरच कळलं.

"मला सांगायचं तरी!" तो चिडला.

"सांगितलं असतं तर तू मागे गाडी घेऊन आला असतास."

अतुलने कार्यक्रम चाळला. दर चार-पाच दिवसांनी एक दिवस मोकळा होता. "हे कशाला? वेस्ट आहे."

"काय होईल ते सांगता येतं का? असू दे."

जुलैच्या अखेरीस ते निघाले. बोटीवर भानुदास डेकवर फेऱ्या मारत राहिले, वारा खाऊन गाल लाल झाले. विस्कॉन्सिन पार करून मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला हिमानीकडे दोन दिवस विसावा घेतला. हिमानी कमलाची लॅबमधली जुनी, वयाने बरीच धाकटी मैत्रीण. तिने दारातच "जय भीम, गजभिये काका!" म्हणून दोघांच्या बॅगा उचलल्या. पुढे नॉर्थ डकोटाचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना सूर्यफुलं. कमला गुणगुणायला लागली.

मोंटानात डोंगर पेटले होते. धुराने समोरची गाडी दिसेना, आणि पुढचा रस्ता बंद झाला. मोटेलच्या खोलीत खिडक्या बंद करून ते बसून राहिले. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. राखून ठेवलेले दिवस संपले. चौथ्या सकाळी रस्ता उघडला तेव्हा लग्नाला मोजकेच दिवस उरले होते.

भानुदास बूट घालून तयार होते. "आज सात तास चालव. मला काही होत नाही. पोरीचं लग्न चुकायला नको."

"चुकलं तर चुकलं. तुम्हाला काही व्हायला नको."

"कमल, तिने मला बोलावलंय!"

कमलाचा आवाजही चढला. "तुम्हाला बोलावलंय, तुमच्या फोटोला नाही!"

मग तिने नकाशा पुन्हा उघडला. सकाळी तीन तास, मग पाय उंच ठेवून मोठी झोप, आणि ऊन उतरताना आणखी दोन. ऑगस्टचा उजेड उशिरापर्यंत टिकतो. अंधाराचा नियम मोडत नव्हता, तासांचा मात्र मोडत होता. तिने हिमानीच्या ओळखीतल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. मध्ये खरोखर आडवं पडणार असाल आणि दर तासाला चालणार असाल तर चालेल, असं ते म्हणाले, तेव्हाच तिने गाडी सुरू केली. दुपारच्या प्रत्येक मुक्कामी ती भानुदासांच्या दोन्ही पोटऱ्या चाचपून बघायची, आणि ते निमूटपणे बघू द्यायचे.

कोलंबिया नदीच्या काठाने शेवटचा टप्पा होता. वारा असा की गाडी लेनमधून ढकलली जायची. तिने स्टीअरिंग घट्ट धरलं, उजवी लेन सोडली नाही. मागून ट्रकने दिवे मारले. "मारू दे," ती म्हणाली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाडी मोनालीच्या दारात उभी राहिली. मोनाली धावत आली आणि आधी बाबांच्या नाही, आईच्या गळ्यात पडली. अतुल दुपारीच विमानाने पोचला होता. त्याने धुळीने माखलेल्या गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या काचेवर चिकटलेले किडे पाहिले आणि म्हणाला, "आई, यू आर क्रेझी." मग फडकं आणून तो काच पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी परसात, पांढऱ्या फुलांनी सजवलेल्या बुद्धमूर्तीसमोर भानुदास उभे राहिले. खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सारली. "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणताना आवाज पहिल्यांदा कापला, मग खणखणीत झाला. परीक्षितची आई व्हीलचेअरवर बसून हात जोडून ऐकत होती. कमला पहिल्या रांगेत होती. हात अजून स्टीअरिंग धरल्यासारखे आखडलेले होते, ते तिने उघडले आणि जोडले.