पहिले कौल धरायचे नसतात

मी पोटासाठी अंदाज बांधते. लोक तेच फुकट करतात, मला मात्र त्यासाठी इतकं शिकावं लागलं. बिरवाडीजवळच्या कारखान्यातला पंप क्षणाक्षणाला थरथरतो. थरथरींची होते कामाची पाळी, पाळ्यांचा महिना. माळेत माळ. पंप आतून कसा आहे ते दिसत नाही. नेमकं उत्तर काढायला बसलं तर तोवर कारखाना गंजून जाईल. म्हणून संगणकाला शक्यतांमधून उड्या मारत फिरवायचं, तो कुठे जास्त रमतो ते बघायचं आणि त्यालाच उत्तर म्हणायचं. सुरुवातीच्या उड्या टाकून द्यायच्या, कारण सुरुवात आपण कुठूनही केलेली असते.

ही विद्या कुडपणच्या आमच्या घरी कामाला आली. धाकटे काका गेल्यावर काकीला गडाच्या पायथ्याशी, पाचाडला खानावळ काढायची होती. जागाही बघून ठेवली होती. ते घराण्याला शोभेना. घराणं म्हणजे मोठे काका. त्यांनी देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

उजवी पडली. काका म्हणाले, पाकळी नीट चिकटली नव्हती. पुन्हा उजवी. मग गाऱ्हाण्यात चूक निघाली. पुन्हा उजवीच पडल्यावर त्यांना माझं शिक्षण आठवलं. सुरुवातीचे धरत नाहीत ना, असं त्यांनी सगळ्या गावकीदेखत मला विचारलं. मी म्हटलं, टाकतात खरे, पण किती टाकायचे ते आधी ठरवून. काकांनी त्यातलं 'टाकतात' तेवढं घेतलं. आमच्याकडेही माळेत माळ आहेच: एका बैठकीत अनेक कौल, वर्षात अनेक बैठका, आणि आत न दिसणारं काकांचं मन. ते ओळखायला मात्र गणित लागत नाही.

अखेर डावी पडली. काकांनी लगेच हात जोडले. कचेरीत आमचे साहेबही हवा तो आकडा आला की संगणक थांबवतात. मला संताप आला होता, पण बोलली काकीच.

"देवी पयल्याच खेपेला बोलली, भावोजी. मंग बोललाव ते तुमीच."

ती पाचाडला गेली. गेल्या महिन्यात काका गड बघायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन तिच्याकडेच जेवायला आले. तवा नीट तापला नव्हता, पहिली भाकरी बिघडली. काकीने ती बरोबर काकांच्या ताटात वाढली.

"पयली धरायची नाय, तुमीच म्हणालाव ना."

काकांनी ती खाल्ली आणि दुसरी मागितली.