भिंतीजवळचं थडगं

बसडेपोत तिला सगळे भोंगाताई म्हणायचे. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली, हे ती काचेच्या खोलीत बसून माईकवर सांगायची. माईक रुसला तर खिडकी उघडून तशीच सांगायची, आणि तरीही शेवटच्या बाकड्यावर झोपलेला माणूस दचकून उठायचा. निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं होतं, आता वर्षभर काही म्हणजे काही करायचं नाही. हा बेत फार टिकला नाही, कारण काका गेले.

काका म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. घराण्याच्या दफनभूमीची चावी त्यांच्याकडे असायची. पणजोबांनी कधीकाळी गावाबाहेर म्हणून घेतलेला तो जमिनीचा तुकडा. पुढे गाव वाढत वाढत त्याच्या अंगावर आलं. आता एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला खोक्यांचं गोदाम, समोर हमरस्ता, आणि मध्ये चार भिंतींच्या आत यांची सगळी मंडळी निवांत पडलेली. काका दर रविवारी जायचे, गवत काढायचे आणि घरी येऊन कंबर धरून बसायचे. शेवटची काही वर्षं नुसतेच कंबर धरून बसायचे.

चावी घेऊन काकांचा मुलगा आला. तो नळांची कामं करायचा, त्यामुळे गावच काय, घरचेही त्याला प्लंबरच म्हणत.

“ताई, ही तू ठेव.”

“मी का? बाप तुझा.”

“बाप माझा, पण वेळ तुझ्याकडे. माझ्या डोक्यावर अख्ख्या गावाचे गळके नळ आहेत.”

अशी ती चावी भोंगाताईच्या गळ्यात पडली.

पहिल्या दिवशी कुलपानेच तिचा घाम काढला. आत शिरली तर कमरेएवढं गवत, वाऱ्याने आणलेल्या पिशव्या आणि शेजारच्या दुकानातून खुशाल भिंतीपलीकडे भिरकावलेले जुने टायर. एक टायर तर आजोबांच्या दगडाला हार घातल्यासारखा अडकला होता. तिने भिंतीपाशी उभं राहून डेपोतल्या आवाजात टायरवाल्याची विचारपूस केली. दुपारच्या आत सगळे टायर गेले, आणि वर तो पाण्याची बादलीही देऊन गेला.

आठवडाभरात गवत निघालं. तिथेच थांबायचं होतं खरं, पण दगड दिसायला लागले आणि ती त्यांच्यात गुंतली. सकाळचं ऊन तिरपं पडलं की झिजलेली अक्षरं वर यायची, हे तिच्या लक्षात आलं. मग ओलं फडकं घेऊन ती दगडांपुढे मांडी घालून बसू लागली. एका दगडावर नावाच्या खाली नुसतं “सुईण” एवढंच कोरलं होतं. ती वडिलांची आत्या निघाली. आजोबांच्या दोन बायका शेजारीशेजारी होत्या आणि आजोबा पार दुसऱ्या टोकाला. “शहाणे होते,” असं भोंगाताई स्वतःशीच म्हणाली. कोण कुठे आहे त्याचा नकाशा तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढायला घेतला, आणि जिथे अडेल तिथे संध्याकाळी आईला विचारायची.

आई तिच्याकडेच राहायची. वय झालं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण डोकं तल्लख. नकाशावर बोट फिरवत ती भराभर सांगायची. “हा दिसायला राजबिंडा, पण घोरायचा असा की शेजारी भांडायला यायचे. हिने लग्नात हट्टाने दोनदा फोटो काढायला लावला. हा तर माझ्याकडून घेतलेली छत्री न देताच गेला.”

“चल की एकदा तिथे,” भोंगाताई म्हणाली. “समोरासमोर छत्री माग.”

आईने नकाशावरचं बोट उचललं. “माझे गुडघे दुखतात.”

“आणि आई, माझा मोठा भाऊ कुठे गं?”

तिच्या आधी एक मुलगा झाला होता आणि दीड वर्षाचा होऊन तापाच्या साथीत गेला, एवढंच भोंगाताईला ठाऊक होतं. घरात त्याचा ना फोटो होता ना कधी विषय निघायचा.

“तो नाही आता तिथे,” आई म्हणाली.

“म्हणजे?”

“रस्त्यात गेला.”

भोंगाताईला काहीच कळलं नाही. आई उठून आत जाईल असं वाटलं, पण ती बसून राहिली. मग खिडकीकडे बघत सांगू लागली. “तो गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. मलाही तोच ताप. तुझे बाबा आले, खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, भिंतीपाशी ठेवलाय. बस. पुढे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला तिथे जाववेना. गेले ती एकदम तुझ्या बाबांना पोचवायला, आणि त्या दिवशी माझं कुठे लक्ष होतं? नंतर रस्ता रुंद केला. पुढची भिंत पाडून आत घेतली. ज्यांच्यावर मोठे दगड होते त्यांना आत हलवलं म्हणे. बाकीचं रोलरखाली गेलं.”

“काकांना विचारायचंस ना!”

“काय विचारायचं?” आई म्हणाली. “हो म्हणाले असते तर?”

भोंगाताईला आता एक जुनं कोडं उलगडलं. बाजार असो की डोळ्यांचा दवाखाना, आई नेहमी स्टेशनवरून वळसा घालून, मध्ये बस बदलून जायची. सरळ जाणारी बस हमरस्त्याने थेट पोचवत असताना हा आटापिटा कशासाठी, म्हणून भोंगाताईने तिच्याशी कितीदा वाद घातला होता. सगळ्या गावाला बस सांगणाऱ्या बाईची आईच चुकीची बस धरते, म्हणून डेपोत तिची थट्टाही झाली होती. आई म्हणायची, त्या बसला गर्दी असते. आणि ती सरळ बस रोज माईकवरून पुकारणारी कोण, तर ही.

दुसऱ्या दिवशी ती फडकं न घेताच दफनभूमीत गेली आणि पुढच्या भिंतीकडे बघत बसली. पलीकडून ट्रक गेला की पायाखालची माती थरथरायची. इथे शोधण्यासारखं काही नव्हतंच. मूठमाती देताना हजर असलेले बाबा आणि काका, दोघंही आता इथेच येऊन पडले होते. मग तिला मिस्त्री आठवले. बाबा फरशीच्या कारखान्यात होते. मिस्त्री त्यांचे तिथले जोडीदार. एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर मुलगा-सुनेजवळ राहायचे आणि त्यांना ऐकू येत नाही, असं ती ऐकून होती.

सुनेने दार उघडलं. मिस्त्री खिडकीत बसले होते, कानातलं यंत्र शिट्ट्या मारत होतं. भोंगाताईने “मिस्त्रीकाका, ओळखलंत का?” एवढंच विचारलं आणि त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं.

“तुझ्यापुढे हे कशाला?” ते हसले. “बोल.”

तिने विचारलं. मिस्त्रींनी एक क्षणही आठवायला घेतला नाही.

“भिंतीपाशीच ना. मागच्या.”

“मागच्या? रस्त्याकडच्या नाही?”

“अगं, रस्त्याकडे तेव्हा सगळा चिखल. म्हणून तर मागच्या फाटकातून गेलो, हातगाडी घेऊन. पोराच्या अंगावर घालायला फरशी केली होती तुझ्या बापाने. हिरवी. स्वतः ओतली, स्वतः घासली. फाटकातून आत शिरलं की लगेच डाव्या हाताला.”

“काका, नक्की? खूप वर्षं झाली हो.”

मिस्त्रींनी चप्पल काढून पाय पुढे केला. अंगठ्याचं नख वाकडं होतं. “उतरवताना इथे पडली ती. रोज बघतो, विसरेन कसा?”

घरी येऊन तिने आईला काही सांगितलं नाही. तिथे काही सापडलं नाही तर? आईच्या मनात आशा जागवायची आणि मग पुन्हा त्याच रस्त्यावर नेऊन सोडायची, हे तिला झेपणारं नव्हतं. तिने फक्त प्लंबरला फोन केला. तो गळके नळ सोडून, कोयता आणि लोखंडी सळई घेऊन आला.

मागच्या बाजूला फाटक असं नव्हतंच. भिंतभर बोगनवेल माजली होती, मनगटाएवढ्या फांद्यांची आणि काट्यांची. दोघांनी हातांची चाळण करून घेतली तेव्हा विटांचा एक वेगळा, फिकट पट्टा दिसला. फाटक कधीतरी बुजवून टाकलेलं होतं. त्याच्या डावीकडे प्लंबर सळई मातीत खुपसू लागला. पहिल्यांदा वीट लागली. मग काहीतरी पोकळ वाजलं आणि भोंगाताईने छातीवर हात ठेवला. निघाला पाण्याचा जुना पाइप.

“माझ्या बाबांनी टाकलेला दिसतोय,” प्लंबर म्हणाला. “बघ ना किती वाकडा.”

सळई सरकत सरकत वेलीच्या बुंध्यापर्यंत गेली, आणि तिथे दगडावर आपटल्यासारखा खणखणीत आवाज आला. माती हातानेच काढली. वर फारशी नव्हतीच, वीतभर असेल. टायरवाल्याकडून बादली आणली आणि ओतली.

पाण्याखाली हिरवा रंग उमटला. खिडकीच्या एका झडपेएवढी फरशी, हिरव्या सिमेंटमध्ये पांढऱ्या खड्यांची, कडा गोल केलेली. मधोमध पितळेची पट्टी वाकवून अक्षरं बसवली होती. प्लंबरने बोटाने माती कोरून काढली आणि अडखळत वाचलं, “ढब्बू.”

“हे काय नाव आहे?” तो म्हणाला.

भोंगाताईलाही माहीत नव्हतं. भावाचं पाळण्यातलं नाव ती ऐकून होती, पण ते हे नव्हतं. फरशी मिस्त्रींनी सांगितली तशीच होती, जागा तीच होती, तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. ती फरशी तशीच ओली सोडून ती घरी निघाली.

आई मटार सोलत बसली होती. भोंगाताई समोर बसली, चार शेंगा सोलल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज तिला पुरेना.

“आई, ढब्बू कोण गं?”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “हे नाव तुला कुणी सांगितलं?”

“कोण होता?”

“मी म्हणायचे त्याला. मी एकटीच. गालच तसे होते त्याचे.” मग तिचा स्वर कडक झाला. “पण तुला कुणी सांगितलं ते बोल आधी!”

“बाबांनी,” भोंगाताई म्हणाली आणि रडायलाच लागली. रडतारडताच तिने सगळं सांगितलं, मिस्त्रींच्या अंगठ्यापासून बोगनवेलीपर्यंत. मागची भिंत कुणी हलवली नव्हती. रोलर तिकडे फिरकलाही नव्हता. आईने तिला दोनदा तेच पुन्हा सांगायला लावलं. मग मटारचं ताट बाजूला सरकवून ती भिंतीला टेकली, आणि तिच्या तोंडून एक लांब “हुश्श” निघालं. खांद्यावरचं ओझं उतरवताना हमालाच्या तोंडून निघतं तसं.

“चप्पल दे माझी,” ती म्हणाली.

“आता? अंधार पडेल. उद्या जाऊ.”

“उद्या सकाळी. पहिल्या बसने. सरळ जाते ना ती?”

सकाळी प्लंबरने प्लॅस्टिकची खुर्ची आधीच आणून ठेवली होती, पण आई खुर्चीवर बसली नाही. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना न जुमानता ती जमिनीवर बसली आणि फरशीवर हात ठेवला. मग तिचं बोट पितळेवरून फिरत जोडाक्षरापाशी थांबलं.

“ब्ब वाकडा झालाय,” ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. “बघा, बघा यांना! मी ढब्बू म्हटलं की माझ्यावर डोळे वटारायचे. म्हणायचे, पोराला चांगलं नाव आहे, उद्या साहेब झाला तर काय ऑफिसात ढब्बूसाहेब म्हणतील? आणि स्वतः बसून हे केलं! मला एका शब्दाने बोलले नाहीत हो.” हसतानाच डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले नाहीत, वाहू दिले. “इथे होता तर. सावलीत. बरं झालं. बरं झालं बाई.”

प्लंबरने कोयता उचलला. “काकू, ही वेल काढूनच टाकतो मुळापासून.”

“हात लावून तर बघ! फक्त काटे त्याच्यावर येणार नाहीत एवढं छाट.”

त्या दिवशी दुपारी आई झोपली ती दिवेलागणीला उठली. उठल्यावर तिला भूक लागली होती. भोंगाताईने मटाराचा भात केला. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि कुणी काही विचारलेलं नसताना बोलायला लागली. ढब्बूला कावळे फार आवडायचे. कावळा दिसला की दोन्ही हात वर करून तो त्याच्याशी भांडायचा. चालायला शिकला तो पुढे नाही, आधी मागे मागे. आणि एकदा त्याने अंगाच्या साबणाचा तुकडा खाल्ला.

“मग काय केलंस तू?” भोंगाताईने विचारलं.

“मी काय करणार? मी घाबरून रडतेय, तुझे बाबा बादलीभर पाणी घेऊन धावतायत, आणि हा पठ्ठ्या तोंडातून फुगे काढतोय.”