परत आलेले सेल

माझी आत्या एकोणतीस वर्षं सेलच्या कारखान्यात होती. त्यातली पहिली सोळा भरणीवर गेली. जस्ताच्या डबीत काळी भुकटी दाबून बसवायची आणि मधोमध कोळशाची कांडी उभी करायची, हे तिचं काम. पुढे कंबर धरायला लागली म्हणून तिला तक्रार विभागात बसवलं. विभाग म्हणजे एक टेबल, एक खिडकी, काट्याचं मीटर आणि गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या सेलांचं खोकं. ते खोकं रिकामं झालेलं तिने कधी पाहिलं नाही.

"भरणीवर नुसते हात काळे व्हायचे," ती म्हणायची. "इथे डोक्याचा भुगा होतो."

घरीही सुटका नव्हती. नातेवाइकांच्या लेखी जगातल्या झाडून साऱ्या सेलांना आत्याच जबाबदार होती. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं की तिला फोन. तिच्या सासूबाई टॉर्चला 'बॅटरी' म्हणायच्या, सेललाही 'बॅटरी' म्हणायच्या, आणि "बॅटरीतली बॅटरी गेली" म्हणून सकाळी सकाळी तिच्यापुढे हात पसरायच्या. आत्याच्या नवऱ्याची, म्हणजे काकांची, तऱ्हा निराळी. रिमोट चालेना की ते आधी त्याच्या पाठीत धपाटे घालायचे, मग सेल काढून खिडकीत उन्हाला ठेवायचे.

"अहो, सेल आहेत ते, ओले मोजे नाहीत!"

"उन्हं दिली की दोन दिवस चालतात."

"चालत नाहीत, सरपटतात. आणि एक जुना, एक नवा असं घालू नका म्हणून किती वेळा सांगू? जुना नव्याला ओढतो खाली."

यावर काका एकवार आपल्या आईकडे बघायचे आणि सेल पुन्हा उन्हात सरकवायचे.

अशात एक दिवस मास्तरांचं पत्र आलं. हे मास्तर भाषा शिकवून निवृत्त झालेले. पाकिटात दोन फुगलेले सेल, त्यांच्या बुडाला पांढरी पूड धरलेली. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या वेष्टनावर "कोरडी बॅटरी" असे ठळक छापले आहे. रेडिओत ती ओली झाली. "कोरडी" या शब्दाचा आपल्या कारखान्यात काय अर्थ करतात, ते लेखी कळवावे.'

आत्याने सेलवरची तारीख पाहिली. तीन वर्षं उलटून गेलेली. सेल संपले तरी कोणी काढले नाहीत, म्हणून आतलं बाहेर आलं. रोजचंच दुखणं. ती साहेबांकडे गेली.

"खरं कारण लिहू का? सेल वेळेवर काढले नाहीत म्हणून पाझरले."

"पाझरले हा शब्द आपल्या कागदावर येता कामा नये," साहेब म्हणाले.

"मग काय लिहू? रडले?"

साहेबांनी नेहमीचाच मजकूर पुढे केला. आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे, सोबत नवी जोडी पाठवत आहोत. आत्याने मुकाट्याने पाठवला. आठवड्यात उत्तर आलं, 'सेल मिळाले. अर्थ मिळाला नाही.'

असं पाच वेळा झालं. पाचव्या पत्रात मास्तरांनी तिच्या विभागाला 'कोरडे पाषाण' म्हटलं होतं. त्या संध्याकाळी आत्या घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "त्या माणसाला एकदा समोर बसवून सांगायला हवं, नाहीतर माझाच फ्यूज उडेल."

पुढच्या सोमवारी मास्तर खरंच समोर येऊन बसले. बरोबर त्यांचे मेहुणे आणि कापडी पिशवीत रेडिओ. रेडिओ मेहुण्यांचा होता. मास्तरांनी तीन वर्षांपूर्वी मागून नेला होता आणि आता परत केला, तर तो मुका. मेहुणे म्हणत होते की तुम्ही बिघडवला. मास्तर म्हणत होते की कोरडी वस्तू ओली होईलच कशी, म्हणजे दोष कारखान्याचा. मास्तरांचं बायकोच्या माहेरी यावरून बोलणं बंद होतं, आणि आता निकाल आत्याने द्यायचा होता.

"आधी शब्द घ्या," मास्तर म्हणाले. "बॅटरी म्हणजे काय?"

"एकापुढे एक सेल जोडले की त्यांची बॅटरी. खरं तर हा एकटा म्हणजे सेलच. पण लोक एकालाही बॅटरी म्हणतात, म्हणून आम्हीही तसंच छापतो."

"आणि कोरडी?"

आत्या उठली. खोक्यातून एक सेल घेतला, टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत आवळला आणि करवतीने उभा कापला. आतला काळा लगदा ओलसर चमकत होता.

"लावा बोट."

मास्तरांनी बोट लावलं. ते काळंभोर झालं. "हे तर ओलं आहे!"

"तेच तर मी म्हणत होतो!" मेहुणे कशाला कोण जाणे, पण आनंदाने ओरडले.

मास्तरांनी चष्मा वर केला. "म्हणजे तुमच्या वेष्टनावर शब्द दोन, आणि दोन्ही चुकीचे?"

इथे मात्र आत्याचा तोल गेला. "मास्तर, कोरडा खोकला झालेल्या माणसाच्या घशात थुंकी नसते का? तरी कोरडाच म्हणतो ना आपण? मोटारीच्या बॅटरीत पाणी डचमळतं, आडवी केली की सांडतं. हिच्यात ओल खळीसारखी घट्ट करून भरलीय. उलटी धरा, खिशात टाका, सांडत नाही. म्हणून कोरडी. आतून ठार वाळली तर वीजच द्यायची नाही! आणि ही जस्ताची डबी आहे ना, ती वीज देता देता झिजते. संपल्यावर आत ठेवली की तिला भोकं पडतात. तीन वर्षं ठेवलीत तुम्ही. तीन!"

मास्तरांनी बोट रुमालाला पुसलं. "खोकल्याचं उदाहरण चपखल आहे," ते म्हणाले. "पण हे वेष्टनावर का नाही?"

"चूक कोणाची ते लिहून द्या," मेहुण्यांनी मध्येच तोंड घातलं.

"तुम्ही रेडिओ वेळेवर मागितला असता तर तीन वर्षं राहिला असता का माझ्याकडे?" मास्तर त्यांच्याकडे वळले, आणि दोघांची जुंपली.

आत्याने रेडिओ ओढून घेतला. मागचं झाकण काढलं, पांढरी पूड पुसली, पत्र्याच्या गंजलेल्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या, स्पिरिटचा कापूस फिरवला आणि नवे सेल घातले. बटण फिरवताच खरखर झाली, आणि मग कोणीतरी शांतपणे हवामानाचा अंदाज सांगायला लागलं. दोघांनीही कान टवकारले.

"पूर्वी आवाज याहून मोठा होता," थोड्या वेळाने मेहुणे म्हणाले.

"दोघंही आधी घरी जा," आत्या म्हणाली.

त्या दुपारी तिने वेष्टनासाठी तीन ओळींचा मजकूर लिहिला. साहेबांनी त्यातलं सगळं छाटून 'वापर काळजीपूर्वक करावा' एवढंच ठेवलं. आत्या दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक उत्तराच्या तळाशी आपल्या हाताने त्या छाटलेल्या तीन ओळी लिहायला सुरुवात केली, आणि पहिली प्रत मुद्दाम मास्तरांना धाडली.

ती उलट टपाली परत आली. मास्तरांनी शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या होत्या, तीन वाक्यांची दोन केली होती आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'कोरडी म्हणजे न सांडणारी, न पाझरणारी नव्हे. संपताच काढावी.'

"आभार राहिले बाजूला, पेपर तपासतोय मेला!" आत्याने कागद टेबलावर आपटला. पण दुपारच्या चहानंतर तिने तो पुन्हा उचलून वाचला, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तीच दोन वाक्यं लिहीत राहिली. साहेबांच्या नजरेस ती कधी पडली नाहीत, किंवा पडूनही त्यांनी काणाडोळा केला.

"मग तक्रारी कमी झाल्या का?" मी एकदा विचारलं.

"कसल्या कमी!" ती म्हणाली. "आता लोक विचारायला लागले, पाझरणे म्हणजे काय ते लेखी कळवा."