ताकेई-सानांची बारावी गाडी

मृदुला, जरा स्वस्थ बस आणि तो मोबाईल आधी पालथा घाल. दर फोनला तुझा एकच प्रश्न असतो, "मावशी, तिकडे जपानमध्ये तुझा वेळ कसा गं जातो?" आणि मी सांगायला तोंड उघडलं की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी होते. ऐकायचं नसेल तर विचारू नये माणसानं. म्हणून या वेळी लिहूनच पाठवते आहे, म्हणजे तुला मध्येच "बरं मावशी, ठेवते" म्हणता यायचं नाही. माझा वेळ ताकेई-सानांबरोबर जायचा; सान म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई'. ते कोण, तेच आता सांगते.

हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याला लागून त्यांचं घर. एक्याऐंशी वर्षांचे, एकटे, काडीसारखे बारीक, आणि कपाळावर कायम एक भिंग चढवलेलं, तिसरा डोळा असल्यासारखं. ओळख झाली ती माझ्या वेंधळेपणामुळे. मला इथे येऊन चारच महिने झाले होते. जपानी म्हणशील तर 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको', संपलं. कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी येत होते, तर हे दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी उभे, हातातलं काहीतरी उजेडाकडे धरलेलं, आणि म्हणतायत, "आओ… आओ…"

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, म्हातारबाबांना हिंदी येतं, एवढ्या अगत्यानं बोलावतायत, पुढे कसं निघून जायचं? मी चपला काढल्या, त्यांच्या अंगावरून आत गेले आणि बैठकीत जाऊन मांडी घालून बसले. ते बराच वेळ दारातच उभे होते. मग आत आले, वाकून नमस्कार केला आणि चहाचं पाणी ठेवलं.

संध्याकाळी हे सांगितल्यावर अनघानं, माझ्या सुनेनं, कपाळाला हात लावला. "आई, आओ म्हणजे जपानीत निळा. ते हातातल्या वस्तूचा रंग बघत होते."

"मग चहा कशाला दिला?"

"तुम्ही जाऊन बसलात म्हणून."

हातातली वस्तू म्हणजे वीतभर लांबीची मोटार. जुनी अमेरिकन, ऐसपैस, पुढे चकचकीत दात आणि मागे माशासारखे दोन पर उभारलेले. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर लगेच मोबाईल सुलटा करशील. या गाड्या खोक्यात सुट्या भागांत मिळतात. प्लास्टिकच्या चौकटीला दारं, चाकं, आरसे असे लगडलेले असतात. एकेक भाग कापायचा, पॉलिशपेपरनं घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. ताकेई-सान आयुष्यभर छापखान्यात कामाला होते. निवृत्त झाल्यावर हा उद्योग धरला. आणि गंमत ऐक. त्यांच्या कपाटात गाड्या साठत साठत अकरा झाल्या, अकराही त्याच एका गाडीच्या. फरक फक्त रंगाचा. एका टोकाला आभाळासारखी निळी, दुसऱ्या टोकाला कोवळ्या पानासारखी हिरवी, आणि मधल्या नऊ अशा की दोन बायका साडीच्या दुकानात भांडाव्यात.

दुसऱ्या दिवशी मी चूक कबूल करायला चकल्या घेऊन गेले, आणि मग जातच राहिले. बोलणं आधी खाणाखुणांनी आणि मोबाईलच्या भाषांतरानं, पुढे माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत. इमारतीतली सगळी मराठी मंडळी मला काकू म्हणतात, त्यामुळे त्यांची समजूत झाली की ते माझं आडनाव. "काकू-सान" म्हणायचे. नवीन वर्षाचं कार्डसुद्धा 'श्रीमती काकू' या नावानं आलं, आणि पोस्टमननं ते बरोबर आमच्याच पेटीत टाकलं. काय बोलायचं?

त्यांचे हात कापायचे. माझे डोळे अधू, पण हात स्थिर. चाळीस वर्षं वाती वळल्या आहेत, तांदूळ निवडले आहेत. मग तांदळाएवढे भाग चिमट्यानं धरून लावायचं काम माझ्याकडे आलं. ते उचलायला लागले की मी आपली सवयीनं, "जपून, जपून." दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी फार संकोचून विचारलं, "काकू-सान, काही पडायला लागलं की तुम्ही आमच्या देशाचं नाव का घेता?" मी अर्थ सांगितला. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, "नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं ते विचार करून."

भाग चिकटवून झाला की ते हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसत. मी काही पुसायला, आवरायला उठले की म्हणत, "आता डिंक कामावर आहे. आपली सुट्टी." तसं बसणं मला जमायचं नाही. एकदा त्यांची सुट्टी चालू असताना मी टेबल आवरलं आणि रिकाम्या चौकटी प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकल्या. एक रिकामी नव्हती. तिला गाडीचा आरसा लटकलेला होता. इथे प्लास्टिकचा वार ठरलेला असतो, सकाळी आठच्या आत पिशवी खाली. मग काय, आम्ही दोघं कचऱ्यावर कावळ्यांपायी टाकलेल्या जाळीखाली वाकून शोधतोय, आणि इमारतीचे अध्यक्ष मागे येऊन उभे. ताकेई-सान गंभीरपणे त्यांना म्हणाले, "काकू-सानना वर्गीकरण शिकवतोय." अध्यक्षांनी त्यांचं कौतुक केलं. मी मान खाली घालून उभी. आरसा ताकेई-सानांच्या मुठीत.

त्या गाड्यांविषयी बोलायला लागले की माणूस बदलायचा. म्हणायचे, "ही गाडी कुठे पोचायला केलेलीच नव्हती. रस्त्यावरच्या लोकांनी थांबून बघावं म्हणून केलेली होती." मी सांगितलं, आमची वरात असल्याच एका गाडीतून निघाली होती, मिरजेला; चौकात बंद पडली आणि बँडवाल्यांनी वाजवणं सोडून ढकलली. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम पुढे झुकून विचारलं, "रंग?" मी म्हटलं, झेंडूच्या माळांनी झाकलेली होती, रंग कोण बघतंय. "आत बसलात, आणि रंग बघितला नाहीत?" असं म्हणून तो दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

हा रंगाचा ध्यास कशापायी, ते मला वर्षभरानं कळलं. त्यांचं लहानपण योकोहामातलं. वडिलांचं केशकर्तनालय. दर शनिवारी सकाळी एक अमेरिकन अधिकारी दाढी करायला यायचा आणि त्याची गाडी दारात उभी राहायची. हे आणि यांचा दोन वर्षांनी मोठा भाऊ, दोघं ओल्या फडक्यानं ती पुसायचे, एकेकानं एकेक बाजू. शेवटी च्युइंगगम मिळायचं. पुढे साहेब गेला, गाडी गेली, आणि भांडण मागे राहिलं. थोरले म्हणायचे, आभाळासारखी होती. हे म्हणायचे, पानासारखी. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "आओ." आता आली का पंचाईत? जुनी माणसं निळ्यालाही आओ म्हणतात आणि हिरव्यालाही; सिग्नलचा हिरवा दिवासुद्धा इथे आओच. घरच्यांना कळेचना की हे दोघं भांडतायत कशावरून.

साठ-पासष्ट वर्षं हे हसण्यावारी चाललं. मग थोरल्यांची बायको गेली. तिच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला ताकेई-सान एक हिरवी गाडी भेट म्हणून घेऊन गेले. भावाचं मन रमवावं एवढाच हेतू. थोरले ताटावरून उठले. "आजही तुझंच खरं का?" एवढं बोलले, आणि त्या दिवसापासून फोन घेणं बंद. तीन वर्षं. मग हे एकेक गाडी रंगवून कुरिअरनं पाठवायचे, आणि आठव्या दिवशी ती त्याच खोक्यात परत यायची, सोबत चिठ्ठी, तिच्यात एक शब्द, 'चिगाऊ', म्हणजे चूक. कपाटातल्या अकराच्या अकरा गाड्या योकोहामाला जाऊन आलेल्या होत्या.

"भावाला भेटायला सरळ जात का नाही?" मी विचारलं.

"दार उघडलं नाही तर?" ते म्हणाले. "गाडी परत येते तेव्हा निदान त्याचं अक्षर येतं. तो चौऱ्याऐंशीचा आहे, काकू-सान. आता 'गा' नीट काढता येत नाही त्याला. चिठ्ठी आली की मी आधी अक्षर बघतो." त्या दिवशी मी चकलीचा डबा तिथेच विसरून आले.

मागच्या ऑक्टोबरात हवा कोरडी झाली तशा मी रेशमी साड्या बाल्कनीत वाळवायच्या दांडीवर पसरल्या. त्यात तुझ्या आजीनं माझ्या डोहाळजेवणाला दिलेली धूपछाँव होती. खालून ताकेई-सानांची हाक आली.

"काकू-सान, ते हिरवं कापड सुंदर आहे."

"हिरवं कुठलं? निळं आहे."

"हिरवं."

"माझी साडी आहे, ताकेई-सान. मी सांगते ना, निळी."

ते तीन जिने चढून वर आले, धापा टाकत, भिंग डोळ्यावर ओढून. साडीच्या या बाजूला उभे राहिले, मग त्या बाजूला. मी त्यांना पदर उलगडून दाखवला. उभा धागा निळा, आडवा हिरवा. उन्हात एक दिसते, सावलीत दुसरी. यात आम्हाला नवल नाही. पण ते माझ्या बाल्कनीत असे उभे राहिले, जसे मी त्यांच्या बैठकीत त्यांना न विचारता बसल्यावर ते दारात उभे होते.

मी विचारलं, "गाडी पुसताना तुम्ही कुठल्या बाजूला होता?"

"दुकानाच्या. छपराखाली."

"आणि दादा?"

"रस्त्याच्या बाजूला. उन्हात." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मला ते दुःख वाटलं. तसं ते नव्हतं, हे मला पुढे समजलं.

बारावी गाडी करायला पाच आठवडे लागले. आधी हिरवा, तो पूर्ण वाळल्यावर त्यावर निळसर चमकीचा इतका पातळ हात की फुंकर मारल्यासारखा. तीनदा बिघडला, तीनदा उतरवला. साडीचा पदर टेबलाशेजारी खुर्चीवर टांगलेला. रंग जमला तेव्हा त्यांनी गाडी खिडकीजवळ स्टुलावर ठेवली, आणि आम्ही दोघं तिच्याभोवती उलटसुलट फिरत राहिलो, जशी काही मंगळागौरच. खोक्यात या वेळी त्यांनी चिठ्ठी घातली: 'खिडकीत ठेव. दोन्ही बाजूंनी बघ.'

आठव्या दिवशी खोकं आलं नाही. नवव्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "चिठ्ठीपण नाही." मला ऐकवेना. खोकं परत येण्याची एवढी वाट कोणी बघितली नसेल. अकराव्या दिवशी आम्ही चहा घेत होतो आणि फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला, मलाही ऐकू यावं म्हणून.

पलीकडून एक खरखरीत म्हातारा आवाज. नमस्कार नाही, चौकशी नाही. "त्या वेळी तू म्हणाला होतास की रस्त्याकडची बाजू थोरल्यानं पुसायची, असं बाबांनी सांगितलंय."

ताकेई-सानांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"दर शनिवारी माझी मान भाजायची. तू सावलीत. बाबांनी सांगितलं होतं का?"

ताकेई-सान माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागले.

"नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, गेलं, आता फोन आपटणार. मग तो आवाज म्हणाला, "हे फोनवर मिटणारं नाही. इकडे ये."

फोन ठेवून ताकेई-सान तोंडावर हात धरून हसत सुटले, सात वर्षांच्या पोरासारखे. रंगासाठी त्यांनी अकरा गाड्या रंगवल्या, पण ही थाप त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवली होती. "म्हणून मान खाली घातली होतीत होय?" मी विचारलं. "काकू-सान," ते म्हणाले, "तुम्ही साडी दाखवलीत तेव्हा रंगाचं कोडं सुटलं आणि मी पकडला गेलो."

गेले ते दोन दिवसांसाठी. दोनाचे दहा झाले, आणि फेब्रुवारीत त्यांनी तळमजल्यावरचं घर सोडलं. भावाला आता एकट्यानं आंघोळ जमत नाही. हे त्याच्याच घरी राहतात. निघायच्या दिवशी मी जिन्यात रडले. ते वाकून म्हणाले, "मला रोज सकाळी नऊ ते अकरा रस्त्याकडच्या खुर्चीवर बसायची शिक्षा झाली आहे, काकू-सान. उन्हात. तो सावलीत बसून मोजतो. बाराशे शनिवार होते म्हणतो. मी म्हणतो, दोनशेही नसतील."

हे भांडण त्यांना पुरेल असं वाटतं. मी दोनदा जाऊन आले. दोघंही मला पंच करायला बघतात, आणि माझं जपानी अजून एवढं पक्कं नाही की एकाची बाजू घेऊन दुसऱ्याची समजूत घालता येईल. अनघाला सुट्टी नसते, आणि योकोहामाला जाताना वाटेत रेल्वे बदलावी लागते तिथे मी एकटी गोंधळते. थोरले पंचाऐंशीत लागले, धाकटे त्र्याऐंशीत, आणि मी काही तरुण होत नाही. तेव्हा मृदुला, शाळेच्या परीक्षा, भिशी, कुकर, सगळं तिकडेच ठेव आणि निघ. पुढच्या वर्षी बघू म्हणू नकोस. या उन्हाळ्यात ये, आणि येण्याची तारीख हे वाचून झाल्या झाल्या मला कळव.